मत देण्याआधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या पेपरमध्ये क्रीडा विभागात काम मिळालं आणि पहिल्याच हंगामात संपादकांनी कॉलेज बास्केटबॉलच्या ‘प्लेअर ऑफ द इयर’साठी तुझ्याकडून मुलांची आणि मुलींची पाच-पाच नावं मागितली, हे वाचून फार आनंद झाला. यादी नीट पाहिली. मुलांची पाच आणि मुलींची पाच, सगळी नावं सरासरी पॉइंट्सच्या तक्त्यातून वरून खाली उतरवलेली आहेत. त्यातलं एकही नाव अपात्र नाही. पण यातल्या किती जणांना तू सलग चाळीस मिनिटं खेळताना पाहिलंस, असं विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नसेल, असं मला वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की कर. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी म्हटलं की विषय संपतो. बास्केटबॉलमध्ये असा एकच पुरस्कार नाही. बास्केटबॉल लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेचा पुरस्कार १९५९ पासून आहे. पहिली दोन्ही वर्षं तो सिनसिनाटीच्या ऑस्कर रॉबर्टसन यांनी जिंकला आणि १९९८ मध्ये त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचा पुरस्कार १९६१ पासूनचा, पहिले मानकरी ओहायो स्टेटचे जेरी लुकास. अटलांटा टिपऑफ क्लबचा नेस्मिथ पुरस्कार १९६९ ला सुरू झाला आणि पहिल्यांदा मिळाला यूसीएलएच्या (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) ल्यू अल्सिंडर यांना, ज्यांना जग आज करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखतं. लॉस एंजेलिस अ‍ॅथलेटिक क्लबचा वुडन पुरस्कार १९७७ पासून. कोचेसच्या संघटनेचा आणखी वेगळा. बऱ्याच वर्षी हे सगळे एकाच खेळाडूला मिळतात, म्हणून लोकांना फरक कळत नाही. तुला कळला पाहिजे, कारण कोण मत देतं आणि केव्हा देतं, यावर निकालाचा अर्थ ठरतो.

‘केव्हा’ हे तर फार महत्त्वाचं. एपीचं मतदान एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, मार्चमधली स्पर्धा सुरू होण्याआधी पूर्ण होतं. निकाल मात्र फायनल फोरच्या (शेवटच्या चार संघांच्या फेरीच्या) सुमारास जाहीर होतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत सगळा देश मार्च मॅडनेसमध्ये, म्हणजे याच स्पर्धेच्या वेडात, बुडालेला असतो आणि निकाल आला की लोक त्या स्पर्धेच्या डोळ्यांनी पुरस्काराकडे बघतात. मग ‘हरलेल्याला कसा काय दिला?’ हा प्रश्न दरवर्षी ठरलेला.

२०२३ चं उदाहरण घे. मी इंडियानात राहतो, त्यामुळे इथल्या पर्ड्यू विद्यापीठाचे सामने आमच्याकडे घराघरात लागतात. सात फूट चार इंच उंचीचा झॅक ईडी त्या हंगामात सामन्याला सरासरी २२ च्या वर पॉइंट्स आणि जवळपास १३ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले बॉल) काढत होता. १७ मार्चला कोलंबसमध्ये अव्वल मानांकित पर्ड्यू सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ ने हरली. फेअरली डिकिन्सन हा डिव्हिजन वनमधला (कॉलेज खेळाच्या सर्वोच्च श्रेणीतला) सगळ्यात बुटका संघ होता. त्यांनी काय केलं ते सांगतो. ईडीच्या समोर एक जण आणि पाठीमागे एक जण, असे दोघं सतत त्याला चिकटून उभे राहिले. बॉल त्याच्यापर्यंत पोचणंच अवघड झालं. यात पर्ड्यूचे बाकीचे मोकळे सुटत होते, त्यांना बाहेरून शॉट घ्यायची पूर्ण मुभा होती आणि ते शॉट पडेनात. तरीही ईडीचे २१ पॉइंट्स आणि १५ रिबाउंड झाले. दोन आठवड्यांनी त्याला एपीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा समाजमाध्यमांवर त्याची यथेच्छ टिंगल झाली.

मला ती टिंगल तेव्हाही पटली नाही, आजही पटत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत समोरच्या प्रत्येक कोचला ज्याच्यासाठी आपला बचाव बदलावा लागला, त्याच्या नावावर मतदारांनी शिक्का मारला होता. एका रात्री त्याचे सहकारी चुकले म्हणून ते चार महिने पुसले जात नाहीत. पुढच्या वर्षी तो परत आला, पुन्हा सगळे मोठे पुरस्कार जिंकला (लागोपाठ दोन वर्षं असं राल्फ सॅम्पसननंतर पहिल्यांदाच झालं) आणि पर्ड्यूला १९६९ नंतर पहिल्यांदा अंतिम सामन्यात घेऊन गेला. तिथे त्याने ३७ पॉइंट्स केले आणि यूकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) तो सामना ७५-६० ने जिंकला. म्हणजे विजेतेपद नाहीच. सॅम्पसनचंही तेच: व्हर्जिनियाकडून तीन वर्षं लागोपाठ देशातला सर्वोत्तम, पण एनसीएए विजेतेपद एकदाही नाही. तेव्हा ‘संघाने काय जिंकलं?’ हा प्रश्न विचार, पण त्यावरच अडून राहू नकोस.

ईडीबद्दल आणखी एक गोष्ट, तुला जवळची वाटेल म्हणून. तो कॅनडाचा, टोरांटोचा. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून पैसे कमावता येतात. पण तो विद्यार्थी व्हिसावर होता, म्हणून अमेरिकेच्या भूमीवर त्याला हे करता येत नव्हतं. २०२२ चा विजेता, केंटकीचा ऑस्कर शिब्वे, मूळचा काँगोचा. त्याचीही हीच अडचण; संघ बहामाला गेला तेव्हा त्याने तिथे आपली जाहिरातींची काही कामं उरकून घेतली. आठवड्याला वीस तासांची मर्यादा सांभाळून कॅम्पसवर काम करणाऱ्या मुलीला हा नियम काय असतो ते समजावून सांगायला नको. या बाजूवर तुझ्या वर्तमानपत्रात कुणी लिहिलेलं नसेल तर तू लिही.

आता सामना कसा बघायचा. एखाद्या खेळाडूचं नाव यादीत घालणार असशील तर निदान एका हाफमध्ये बॉलकडे बघूच नकोस, फक्त त्या खेळाडूकडे बघ. पहिली पाच मिनिटं त्रास होईल, नजर सारखी बॉलकडे पळेल. मग हळूहळू दिसायला लागेल: बॉल नसताना ती कुठे सरकते, तिच्या नुसत्या सरकण्याने कुणाची जागा मोकळी होते, शॉट चुकल्यावर ती परत धावते की पंचांकडे बघत उभी राहते, ती बाकावर गेली की स्कोअर कुठल्या बाजूला झुकतो. शक्य असेल तेव्हा टीव्हीवर न बघता प्रत्यक्ष जा आणि वरच्या रांगेत बस. कॅमेरा बॉलच्या मागे जातो, वरून सगळे दहा जण दिसतात.

असं बघायची सवय लागली की २०१२ चा अंतिम सामना मिळवून बघ, केंटकी विरुद्ध कॅन्सस. केंटकीचा अँथनी डेव्हिस पहिल्या वर्षाला होता आणि त्या हंगामाचे मोठे पुरस्कार त्याचेच होते. त्या रात्री त्याने दहा शॉट घेतले, एक पडला. एकूण पॉइंट्स सहा. तुझ्या तक्त्यात हा माणूस सापडलाच नसता. पण १६ रिबाउंड, ६ ब्लॉक (अडवलेले शॉट), ५ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), ३ स्टील (हिसकावलेले बॉल). कॅन्ससचे खेळाडू बास्केटखाली येऊन थबकत होते, हात वर नेऊन पुन्हा खाली घेत होते, कारण डेव्हिस कुठून येईल याचा नेम नव्हता. केंटकी ६७-५९ ने जिंकली आणि फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सहा पॉइंट्सवाल्या डेव्हिसचीच निवड झाली. हा सामना मी नव्या मुलांना नेहमी बघायला लावतो.

वुडन पुरस्काराची ट्रॉफी कधी जवळून बघायला मिळाली तर बघ. त्यावर ब्राँझच्या पाच आकृत्या आहेत: रिबाउंड, पास, ड्रिबल, शॉट आणि बचाव. पाचातली एकच पॉइंट्सची. शिवाय त्या पुरस्कारासाठी खेळाडूने अभ्यासात किमान २.० जीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) राखावा लागतो. कोच जॉन वुडन यांनी यूसीएलएला दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली, पण विद्यार्थी आधी विद्यार्थी असतो, हा त्यांचा आग्रह कायम राहिला. मला ही अट आवडते. मैदानावरच्या कामगिरीत अभ्यास कशाला, असं म्हणणारे भेटतील, त्यांच्याशी वाद घाल. कॉलेजच्या नावाचा पुरस्कार कॉलेजशी काहीतरी नातं ठेवणारच.

छोट्या कॉन्फरन्समधल्या (आपापसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांमधल्या) खेळाडूंना न्याय देताना कस लागतो. त्यांचे आकडे दुबळ्या संघांविरुद्धचे असतात, हे खरं. म्हणून त्यांचे मोठ्या संघांशी झालेले मोजके सामने शोधून काढ आणि तेच बघ. १९७९ मध्ये इंडियाना स्टेटचा लॅरी बर्ड, २०२० मध्ये डेटनचा ओबी टॉपिन हे असेच बड्या कॉन्फरन्सच्या बाहेरून आलेले विजेते. टॉपिनच्या वर्षी तर महामारीमुळे एनसीएए स्पर्धाच रद्द झाली. त्या मुलाच्या हंगामाची सांगता या पुरस्कारांनीच झाली.

मुलींच्या यादीवर तू मुलांच्या यादीइतकाच वेळ खर्च कर, हे मी बजावून सांगतो. मुलींसाठीची वेड ट्रॉफी १९७८ पासून दिली जाते. पहिली मिळाली माँटक्लेअर स्टेटच्या कॅरोल ब्लाझेजोव्स्की यांना, ज्यांची त्या हंगामातली सरासरी ३८.६ पॉइंट्स होती. एनसीएएने मुलींची स्पर्धा सुरू केली ती थेट १९८२ मध्ये. त्याआधीचा सगळा खेळ वेगळ्या संघटनेखाली झाला आणि ते विक्रम एनसीएएच्या वहीत आले नाहीत. आयोवाच्या केटलिन क्लार्कने २०२४ मध्ये विक्रम मोडले तेव्हा त्या आधीच्या काळातल्या, कॅन्ससच्या लिनेट वुडर्ड यांचे ३,६४९ पॉइंट्स किती जणांना आठवले? क्लार्क ३,९५१ वर थांबली, लागोपाठ दोन वर्षं देशातली सर्वोत्तम ठरली, दोन्ही वर्षी अंतिम सामना हरली. त्या २०२४ च्या अंतिम सामन्याला सुमारे १ कोटी ८९ लाख प्रेक्षक होते, मुलांच्या अंतिम सामन्याला सुमारे १ कोटी ४८ लाख. ‘सर्वाधिक’ हा शब्द लिहिताना कुणाच्या वहीतलं सर्वाधिक, हे त्याच वाक्यात लिही.

आणि दुखापतीबद्दल. यूएससीची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) जूजू वॉटकिन्स २४ मार्च २०२५ ला मिसिसिपी स्टेटविरुद्धच्या सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटून कोसळली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत तिला एपी, नेस्मिथ, वुडन असे पुरस्कार जाहीर झाले. अशा वेळी बातमी लिहिताना सहानुभूतीची मतं मिळाली असं सुचवण्याचा मोह कुणालाही होईल. तू तसं करू नकोस. तिने ते पूर्ण हंगाम खेळून कमावले होते. तसंच, पुढे व्यावसायिक लीगमध्ये कोण किती चालेल याचं भाकीत मतपत्रिकेत मिसळू नकोस. २०१८ चा विजेता, व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन एनबीए ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्यात) ३३ वा निवडला गेला, म्हणजे दुसऱ्या फेरीत. कॉलेजच्या त्या हंगामात त्याच्यापेक्षा सरस कुणी नव्हतं, मतदारांना तेवढंच विचारलं होतं आणि त्यांनी बरोबर उत्तर दिलं.

तुझ्या यादीत पहिलं नाव बदलेल असं वाटत नाही. त्यावर बहुतेकांचं एकमत असतं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नावावर पुन्हा काम कर. प्रत्येक नावासमोर कोणता सामना पाहिला आणि त्यात पॉइंट्सखेरीज काय दिसलं, हे दोन ओळींत लिही. मतदानाच्या आदल्या रविवारपर्यंत पाठवलंस तर मी तेच सामने बघून ठेवीन, मग फोनवर बोलू. मुलींमधलं पाचवं नाव तुझ्या विद्यापीठातल्या मुलीचं आहे, तेही मी पाहिलं. ते ठेवायचं असेल तर ठेव, फक्त तिचे बाहेरगावचे सामनेसुद्धा बघ.

आई-बाबांना नमस्कार सांग. जेवणखाण वेळेवर करत जा.

तुझा,
काका