ठाणे कोर्टातून निर्दोष सुटलो, पोलिसांनी घेतलेले बोटांचे ठसे पुसले जातात का?
हो, पुसायलाच हवेत. मात्र तुम्ही पूर्वी कैदेची शिक्षा असलेल्या कुठल्याही गुन्ह्यात दोषी ठरलेले नसावेत आणि अपिलाचा विषय संपलेला असावा. फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा, 2022 चं कलम 4 तसं सांगतं. एरवी ठसे, फोटो, डोळ्यांचं स्कॅन हे सगळं एनसीआरबीकडे (राष्ट्रीय गुन्हे नोंद संस्था) 75 वर्षं राहतं, म्हणजे जवळजवळ जन्मभर! म्हणून नुसते गप्प बसू नका. निकालाची सर्टिफाइड नक्कल काढा, ती जोडून राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे (या कामासाठी नेमलेला अधिकारी) लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. कोर्टाने कारणं नोंदवून ठसे ठेवायला सांगितलं असेल, तर ते राहतात. शिवाय हे कलम ठसे-मोजमापांपुरतंच आहे; एफआयआरची नोंद त्याने पुसली जात नाही.