धार काढल्यावर गाय लगेच खाली बसते, त्याने दगडी (कासेला सूज येण्याचा आजार) होते का?

हो, होऊ शकते. धार झाली की सडाचं तोंड साधारण अर्धा ते एक तास नीट मिटलेलं नसतं आणि तेवढ्यात गाय शेणा-मुतात बसली की जंतू थेट कासेत शिरतात. म्हणून धार झाल्या झाल्या पुढ्यात ताजी वैरण टाका, ती खात उभी राहते. आणि प्रत्येक सड आयोडीनच्या टीट डिपमध्ये (सड बुडवायचं जंतुनाशक) बुडवा, ०.५ टक्क्याचं चालतं, पण सडांसाठी बनवलेलंच घ्या, जखमेचं औषध पाणी घालून वापरू नका प्लीज.

धारेआधी सड धुतले तर कोरडे करायलाच हवेत, ओल्या कासेचं घाण पाणी सडावर उतरतं, आणि एकच फडकं सगळ्या गायींना फिरवणं तर सगळ्यात वाईट, दर गायीला वेगळं घ्या. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढून बघा, गाठी किंवा पाणचट दूध दिसलं तर ती गाय शेवटी पिळा आणि डॉक्टरांना लगेच बोलवा. मनानेच अँटिबायोटिकची ट्यूब अजिबात चढवू नका. दूध दिसायला चांगलं असूनही आतून दगडी असू शकते, त्यासाठी महिन्यातून एकदा सीएमटी टेस्ट (दुधावरून लपलेली दगडी ओळखायची तपासणी) करत जा, गोठ्यातच होते.