मिक्सरच्या पोटाखालचं लाल बटण

प्रश्न : इडलीचं पीठ वाटताना मिक्सर मधेच गपकन बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला मोटर गेली, नवीनच घ्या. शेजारच्या काकूंनी मिक्सर उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि चालू झाला की हो! हे बटण नेमकं काय करतं? गीझरमध्येपण असतं का?

उत्तर : ताई, काकूंना एक प्लेट इडली द्याच. ते ओव्हरलोडचं बटण. आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते, मोटरचा करंट तिच्यातून जातो. पीठ घट्ट, पाणी कमी, भांडं गळ्यापर्यंत भरलेलं, मग पातं अडतं, मोटर जास्त करंट ओढते, पट्टी तापते आणि एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त पसरत असल्याने ती वाकते, टक् करून कॉन्टॅक्ट सुटतो नि बटण बाहेर येतं. गार झाली तरी आपोआप जोडलं जात नाही, बटण दाबावंच लागतं.

तेही लगेच नाही हं. पट्टी गरम असताना कितीही दाबा, बटण बसतच नाही आणि लोकांना वाटतं बटणच गेलं. आधी प्लग काढा, पाच-दहा मिनिटं थांबा, थोडं पीठ काढून पाणी घाला, मग दाबा. भांडं रिकामं असतानाही मिक्सर परत बंद पडत असेल किंवा जळका वास येतच राहिला तर मात्र मोटर खरंच तपासून घ्या.

गीझरमध्येही असतं, पण ते कव्हरच्या आत, आणि तिथे करंट नाही तर पाण्याची उष्णता बघितली जाते. रोज चालू-बंद करतो तो थर्मोस्टॅट, तो चिकटून बसला आणि पाणी तापतच राहिलं तर हे बटण असलेला कटआउट (वीज तोडणारा स्विच) उडतो. म्हणजे तो उडाला की दोष बहुतेक दुसरीकडे असतो, त्यामुळे नुसतं बटण दाबून आंघोळीला जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. कव्हर स्वतः उघडायचं नाही.

इस्त्रीत किंवा राईस कुकरमध्ये बऱ्याचदा थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज तोडणारा) असतो, त्याला बटणबिटण काही नाही, एकदा उडाला की बदलायचाच, तोही त्याच रेटिंगचा. काही जण तिथे सरळ वायरचा तुकडा जोडून देतात, इस्त्री मस्त चालते, फक्त थर्मोस्टॅट अडकला की तिला थांबवायला कोणीच उरत नाही. तुमच्या त्या दुरुस्तीवाल्याकडे इस्त्री दिली असेल कधी, तर उघडून दाखवायला सांगा.