आधी उडी आवरा

या महिन्याच्या टपालात फायटिंग गेमबद्दलचे बरेच प्रश्न होते आणि त्यातले जवळजवळ सगळे ‘स्ट्रीट फायटर ६’चे. सारखेच प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. चाली आकड्यांत लिहिल्या आहेत. त्या समजायला कीबोर्डच्या उजवीकडचं आकड्यांचं पॅड डोळ्यांसमोर आणा: ५ म्हणजे स्टिक मधोमध, ६ पुढे, ४ मागे, २ खाली, ८ वर, ३ म्हणजे खाली-पुढे. मोबाइलचं डायल पॅड धरू नका, त्यात वरची ओळ खाली असते आणि सगळं उलटं होतं. आकडे तुम्ही डाव्या बाजूला उभे आहात असं धरून दिले आहेत.

प्रश्न : शाळेत असताना पार्लरमध्ये ‘मुस्तफा’ आणि ‘टेकन ३’ भरपूर खेळलो. आता वय ३८. ‘स्ट्रीट फायटर ६’ घेतला, पण ही मालिका १९८७ पासून चालू आहे. इतक्या उशिरा शिरून काही हाती लागेल का? पात्र कोणतं घ्यावं? मॉडर्न की क्लासिक? – एक वाचक, सातारा

‘मुस्तफा’ म्हणजे ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. १९९३ चा, आणि कॅपकॉमचाच. पण त्यात दोघं मिळून संगणकाला मारायचं असतं. तिथली सवय इथे फारशी कामी येत नाही. ‘टेकन’ची एक सवय तर उलट नडते. तिथे स्टिक सोडून उभं राहिलात तरी बरेचसे फटके आपोआप अडतात. इथे आपोआप काहीच अडत नाही, मागे दाबून धरावं लागतं. खाली-मागे धरलं की पायातले आणि सरळ येणारे फटके अडतात. उडीतून येणारा फटका आणि डोक्यावरून येणारे काही खास फटके मात्र उभं राहूनच अडवावे लागतात. बाजूला सरकणं हा प्रकार इथे नाही.

उशिराचं म्हणाल, तर जुन्या खेळाडूकडे दोन गोष्टी जास्त असतात: अंतराचा अंदाज आणि उडी पाडण्याची सवय. ड्राइव्ह गेज, म्हणजे खास चालींवर खर्च होणारी सहा कप्प्यांची पट्टी, आला २०२३ मध्ये, तो त्यांनाही नव्यानेच शिकावा लागला.

पात्र रयू घ्या. त्याच्याकडे फायरबॉल आहे, उडी पाडणारा शोर्यूकेन आहे, आणि त्याच्यावर शिकलेलं बरंचसं केन किंवा ल्यूकवरही चालतं. धालसिम भारतीय म्हणून त्याला घ्यायचा मोह अनेकांना होतो. पहिल्या तीन महिन्यांत नको. त्याचे हातपाय लांब जातात, पण लांब गेलेला हात परत येईपर्यंत तो उघडा असतो. त्याची उडीही संथ, तरंगती आहे. त्याच्यासोबत शिकलेलं दुसऱ्या पात्राला जवळजवळ लागू पडत नाही.

मॉडर्न आणि क्लासिक या नियंत्रणाच्या दोन पद्धती. क्लासिकमध्ये खास चालीसाठी स्टिक ठरावीक क्रमाने फिरवावी लागते, मॉडर्नमध्ये ती एका बटणावर निघते. रयूचा हादोकेन, म्हणजे त्याचा फायरबॉल, नुसत्या स्पेशल बटणाने, शोर्यूकेन पुढे आणि स्पेशलने. त्याची किंमत म्हणजे अशा एकबटणी चालीचं नुकसान ८० टक्केच होतं आणि काही साधे फटके पात्राकडून काढून घेतलेले असतात. ऑनलाइन कुणी ‘मॉडर्नवाला’ म्हणून हिणवलं तर लक्ष देऊ नका. नोकरी करून दिवसाकाठी अर्धा तास मिळणाऱ्याने मॉडर्नच घ्यावं. बोटांऐवजी डोळे पहिल्या दिवसापासून कामाला लागतात. रोज तासभर देता येत असेल आणि पुढे अनेक पात्रं खेळायची असतील, तर क्लासिक.

प्रश्न : क्लासिकवर हादोकेन दहातून चारदा निघतो. कधी नुसता ठोसा जातो, कधी उडी बसते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कधी शोर्यूकेनच निघतो. गेमपॅड खराब आहे का? – एक वाचिका, नाशिक

बहुधा नाही. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुटची नोंद चालू करा. पडद्याच्या कडेला बाणांची रांग दिसते आणि प्रत्येक बाणाशेजारी तो किती फ्रेम (पडद्यावरची चित्रं, सेकंदाला ६०) धरला होता तो आकडा येतो. चूक कुठली ते तिथे सरळ वाचता येतं.

हादोकेन म्हणजे २, ३, ६ आणि ठोसा. ठोसा ६ च्या आधी, म्हणजे ३ वर असतानाच दाबला, तर बसून मारलेला ठोसा निघतो. नवख्यांची सर्वांत मोठी चूक हीच, कारण अंगठ्यापेक्षा उजवा हात उतावळा असतो. रांगेत ३ गाळून २ नंतर थेट ६ दिसत असेल, तर अंगठा वळण न घेता उचलला जातोय. अंगठा उचलायचा नाही, पॅडवरून लोळवायचा. शेवटी ९ दिसत असेल, तर अंगठा ६ वर थांबत नाही, वर घसरतो. उडी बसते ती यामुळे.

आता शोर्यूकेन. त्याची चाल ६, २, ३. तुम्ही पुढे चालत असता, म्हणजे ६ आधीच दाबलेला असतो, आणि त्यावर २, ३, ६ करता. गेमला दिसतं ६, २, ३, ६. त्यात शोर्यूकेन पूर्ण बसतो आणि अशा वेळी बहुतेकदा त्यालाच मान मिळतो. उपाय सोपा आहे: चालणं थांबवून स्टिक क्षणभर ५ वर येऊ द्या, मग २ पासून सुरू करा.

सरावाचा हिशोब असा ठेवा. डाव्या बाजूला उभं राहून सलग दहा, मग उजव्या बाजूला सलग दहा, मग चालून थांबून दहा. एक चुकला की ती दहाची फेरी पुन्हा. दहा मिनिटं झाली की फेरी अर्धी असली तरी बंद. दुखऱ्या अंगठ्याने केलेला सराव चुकाच पक्क्या करतो.

पॅडऐवजी कीबोर्ड वापरला तरी चालतं, फक्त स्वस्त कीबोर्ड तीन-चार कळा एकत्र दाबल्या की एखादी गिळतो. खाली, मागे आणि दोन बटणं एकदम दाबून चारही नोंदल्या जातात का, ते आधी तपासा.

प्रश्न : समोरचा रंग उडवत एक मोठा फटका मारतो. मी काहीही केलं तरी तो आरपार येतो आणि मी भिंतीला चिकटतो. मग अर्धा जीव जातो. हे अन्यायाचं नाही का? – एक वाचक, इचलकरंजी

तो ड्राइव्ह इम्पॅक्ट. जोरदार ठोसा आणि जोरदार लाथ एकत्र दाबली की निघतो. ड्राइव्हच्या सहा कप्प्यांपैकी एक खर्च होतो आणि तुमचे दोन फटके तो अंगावर झेलतो, यालाच चिलखत म्हणतात. म्हणून ‘आरपार’ वाटतं. पण फटका बसायला २६ फ्रेम लागतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे जवळजवळ ०.४३ सेकंद. माणसाला दिसून बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो. वेळ पुरतो.

तरी पुरत नाही, याचं कारण हातात असतं. तुम्ही त्या क्षणी स्वतःच एखादी लांबलचक लाथ मारत असता. ती संपेपर्यंत दुसरं काही करता येत नाही. इम्पॅक्ट खाणारे बहुतेक जण उशिरा बघत नाहीत, ते मोकळे नसतात. कोपऱ्यात असताना जोरदार बटणं दाबणं थांबवा, निम्मे इम्पॅक्ट तिथेच संपतील.

उत्तरं तीन. पहिलं, तुम्हीही इम्पॅक्ट मारा. नंतर सुरू झालेला जिंकतो, कारण तो आधीचा फटका अंगावर झेलतो. दुसरं, अगदी जवळ असाल तर थ्रो, म्हणजे हलका ठोसा आणि हलकी लाथ एकत्र दाबून पकडणं. इम्पॅक्टचं चिलखत पकडीला अडवत नाही. तिसरं, सुपर, म्हणजे वेगळी पट्टी भरल्यावर मिळणारी मोठी चाल. ते चिलखत फोडतं. नुसता ब्लॉक मैदानाच्या मधोमध चालतो, पण पाठ भिंतीला असेल तर ब्लॉक करूनही तुम्ही भिंतीवर आपटता. आणि ड्राइव्ह पूर्ण संपून पात्र करडं पडलेलं असताना असं झालं, तर चक्कर येऊन उभे राहता. तुमचा अर्धा जीव बहुधा तिथे जातो. म्हणून ड्राइव्ह शून्यावर नेऊ नका. खास चालीची वाढीव आवृत्ती दोन कप्पे खाते, फटका अर्ध्यात तोडून पुढे घेतलेली धाव, म्हणजे ड्राइव्ह रश, तीन. हे दोन केले की जवळपास रिकामे होता.

सराव करायचा तर ट्रेनिंग मोडमध्ये डमीला, म्हणजे सरावाच्या प्रतिस्पर्ध्याला, तीन गोष्टी शिकवा: एका खान्यात इम्पॅक्ट, दुसऱ्यात बसून मधली लाथ, तिसऱ्यात फायरबॉल. तिन्ही यादृच्छिक क्रमाने चालू ठेवा. नुसता इम्पॅक्ट नोंदवलात तर तुम्ही तालावर दाबायला शिकाल, बघायला नाही.

प्रश्न : समोरचा सारखा उडतो. मीही उडतो. दोघं हवेत आणि हरतो मीच. – एक वाचक, अकोला

खालच्या श्रेणींत जिंकण्या-हरण्याचा फरक मुख्यतः इथेच पडतो. कॉम्बो, म्हणजे सलग जोडलेले फटके, नंतर. बहुतेक पात्रांच्या उडीला सुरुवातीपासून उतरेपर्यंत सुमारे ४५ फ्रेम लागतात आणि हवेत असताना ब्लॉक करता येत नाही. तुम्ही जमिनीवर राहिलात की तो तुमच्या हातात आहे. रयूने बसून जोरदार ठोसा मारला तरी पुरे, शोर्यूकेन जमत नसेल तर लाजायचं कारण नाही.

हे चुकतं ते वेळेमुळे. नवखा उडी सुरू होताच दाबतो, ठोसा हवेत विरतो आणि समोरचा डोक्यावर येतो. तो उतरायला लागेपर्यंत थांबा. अगदी डोक्यावर आला असेल, तर मारू नका, उभं राहून ब्लॉक करा. एक आठवडा स्वतः पुढे उडायचंच नाही असं ठरवून खेळा. त्या आठवड्यात जास्त हराल, पण समोरचा केव्हा उडतो ते दिसू लागेल. फायरबॉल टाकला की तो उडतो, हे बहुतेकांना पहिल्या दोन दिवसांतच कळतं.

प्रश्न : फ्रेम डेटा पाठ करावा लागतो का? – एक विद्यार्थी, पणजी

नाही. फ्रेम डेटा म्हणजे कुठल्या फटक्याला किती फ्रेम लागतात याचं कोष्टक. ते पाठ नको, पण एक बेरीज कळायला हवी. बहुतेक पात्रांचा सर्वांत वेगवान हलका फटका ४ फ्रेममध्ये लागतो. समोरच्याचा फटका तुम्ही ब्लॉक केला आणि त्याच्यापुढे उणे ४ लिहिलं असेल, तर तो तुमच्यापेक्षा ४ फ्रेम उशिरा मोकळा होतो आणि तुमचा ४ फ्रेमचा फटका त्याला बसतोच. उणे ३ असेल तर बसत नाही. अंतर जास्त असेल तर उणे ४ लाही हात पोचत नाही, ही पळवाट चांगले खेळाडू मुद्दाम वापरतात.

उलट बाजू जास्त महत्त्वाची. तुमचा फटका ब्लॉक होऊन तुम्ही उणे २ वर आहात आणि दोघांनीही ४ फ्रेमचा फटका दाबला, तर त्याचा चौथ्या फ्रेमला येतो, तुमचा सहाव्याला. दर वेळी तुम्हीच खाता आणि वाटतं तो फार चपळ आहे. पाळी त्याची होती, एवढंच. ब्लॉक झालेला शोर्यूकेन २० फ्रेमहून अधिक उणे असतो. तिथे तुमच्याकडे सगळ्यात मोठं जे असेल ते मारा.

ट्रेनिंग मोडमध्ये फ्रेम मीटर चालू केला की रंगीत पट्टीवर हे दिसतं. आपल्या पात्राचे रोज वापरतो ते पाच फटके तपासले की पुरे.

प्रश्न : वायफायवर सामने अडखळतात. वेग तर १०० एमबीपीएस आहे. – एक वाचक, नागपूर

वेगाचा संबंध नाही, फायटिंग गेमला फार थोडा डेटा लागतो. नडतो तो अनियमितपणा. हा गेम रोलबॅक पद्धतीने चालतो: समोरच्याची माहिती उशिरा आली तर गेम अंदाजाने पुढे जातो आणि खरी माहिती आली की मागे येऊन दुरुस्त करतो. पिंग, म्हणजे माहिती जाऊन परत यायला लागणारा वेळ, कायम १०० मिलिसेकंद असेल, तर एका दिशेला साधारण ५०, म्हणजे ३ फ्रेम. ते खपून जातं. वायफायवर पिंग घडीला ३०, घडीला २०० होतो, आणि मग पात्रं एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखी दिसतात. राउटरपासून लॅन केबल ओढा. सामना स्वीकारण्याआधी समोरचा केबलवर आहे की वायफायवर ते चिन्ह दिसतं. नको असेल तर नाकारा. क्रॉसप्ले चालू ठेवा, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि पीसीवाले सगळे मिळतात.

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. पीसीवर चित्राचा दर्जा ६० फ्रेम स्थिर राहीपर्यंत उतरवा. सावल्या गेल्या तरी चालतील.

प्रश्न : रँक्डमध्ये सलग पंधरा सामने हरलो. – एक वाचक, ठाणे

सुरुवातीचे दहा सामने तुमची श्रेणी ठरवतात. अनुभव विचारल्यावर जास्त सांगितला असेल तर पहिले काही मार खाण्यातच जातात. श्रेणी प्रत्येक पात्राची वेगळी असते, तेव्हा रयूचा आकडा बघून ल्यूकला हात लावायला घाबरू नका.

सलग तीन हरलात की थांबा आणि तिन्हींची रिप्ले उघडा. रिप्लेमध्ये दोघांची इनपुट दिसतात. प्रत्येक फेरीत फक्त शेवटचा फटका कशाने बसला ते कागदावर लिहा: उडी, थ्रो, इम्पॅक्ट, पाय. सहा-सात नोंदींत एकच शब्द चारदा आला, तर पुढच्या आठवड्यात तेवढंच शिकायचं.

प्रश्न : हुकूमशहाचं नाव बायसन की व्हेगा? मित्र पैज लावून बसलाय. – एक वाचक, पुणे

दोघंही बरोबर. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’च्या जपानी आवृत्तीत हुकूमशहा व्हेगा, मुष्टियोद्धा एम. बायसन आणि पंजावाला स्पॅनिश बालरॉग. तो मुष्टियोद्धा माइक टायसनसारखा दिसतो, म्हणून परदेशी आवृत्तीत कायद्याची कटकट नको असं ठरलं आणि तिघांची नावं फिरवली. पैजेचे पैसे निम्मे निम्मे वाटून घ्या.