कर्क्युमिनच्या कॅप्सूलवर हजारो संशोधनं झाली आहेत, पण नेमकी कशावर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आईचे गुडघे झिजलेत, वेदनाशामक गोळ्यांनी पोट बिघडतं, आणि कुणीतरी ‘95 टक्के कर्क्युमिन, मिऱ्याच्या अर्कासह’ असं लिहिलेल्या कॅप्सूल सुचवल्यात. कर्क्युमिन म्हणजे हळदीतला एक घटक. डबीवर हजारो संशोधनांचा दाखला आहे. शिवाय अलीकडे आईला विसरायला होतं, त्यावरही याचा गुण येतो असं ऐकलंय. तर द्याव्यात का?

गुडघ्यांसाठी, डॉक्टरांना विचारून आणि मुदत ठरवून, देऊन बघायला हरकत नाही. पण मिऱ्याच्या अर्काची नको. विसरभोळेपणासाठी मात्र मी देणार नाही. मी औषधशास्त्र शिकवते आणि हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली वावरतात. पहिली, स्वयंपाकातली हळद. तिच्यात कर्क्युमिन वजनाच्या जेमतेम 3 टक्के असतं. दुसरी, हळदीतून काढलेलं जवळपास शुद्ध कर्क्युमिन. 500 मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल घेतल्या तर तीसेक ग्रॅम हळदीत असेल तेवढं कर्क्युमिन एका दिवसात पोटात जातं, आणि तेवढी हळद रोज कोणी खात नाही. तिसरी गोष्ट, ज्यात कर्क्युमिन रक्तात जास्त उतरावं म्हणून मिऱ्यातलं पिपेरीन घातलेलं असतं, किंवा कणांचा आकार बदललेला असतो, किंवा ते स्निग्ध पदार्थात गुंडाळलेलं असतं. जाहिरात करणारे पहिलीचा सुरक्षितपणा, दुसरीवरचे शोधनिबंध आणि तिसरीचं शोषण असं सगळं एकाच डबीवर छापतात. माझा खरा आक्षेप आहे तो या सरमिसळीला.

आता त्या हजारो संशोधनांबद्दल. त्यातली बहुतेक काचेच्या बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर झालेली आहेत. बशीत कर्क्युमिन काय वाटेल ते करतं. कर्करोगाच्या पेशी मारतं, दाह कमी करतं, जंतूंना रोखतं. एकच रेणू इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी काम करताना दिसला की औषध शोधणाऱ्यांना आनंद होत नाही, संशय येतो. 2017 साली ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’त कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी या संशयाची कारणं सविस्तर मांडली. कर्क्युमिन स्वतःच चमकतं, त्यामुळे प्रकाशावर आधारलेल्या चाचण्या फसतात. ते दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, पेशीच्या आवरणात गडबड करतं. आणि शरीराइतक्या आम्लतेच्या द्रावणात काही मिनिटांतच त्यातलं निम्मं मोडून जातं. म्हणजे बशीत दिसलेला परिणाम कर्क्युमिनचा, त्याच्या तुकड्यांचा की चाचणीच्याच दोषाचा, हे सांगणं अवघड. त्याच लेखात असंही म्हटलंय की 120 हून अधिक मानवी चाचण्या होऊनही एकही दुहेरी-अंध (कुणाला काय दिलंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली), प्लॅसिबोशी म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी तुलना करणारी चाचणी यशस्वी झालेली नाही. हे वाक्य मला जरा टोकाचं वाटतं. का, ते पुढे येईल.

या ढिगात भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये काम केलेले भारत अग्रवाल हे या क्षेत्रातले सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या संशोधकांपैकी एक. त्यांचे डझनाहून जास्त शोधनिबंध नियतकालिकांनी नंतर मागे घेतले, म्हणजे रद्द ठरवले. पण मागे घेतलेला निबंध ज्या शेकडो निबंधांनी आधीच उद्धृत केलेला असतो, ते तसेच राहतात. आकडा फुगलेलाच राहतो.

माणसांवरच्या चाचण्यांकडे वळू. गुडघ्यांच्या बाबतीत चित्र त्यातल्या त्यात बरं आहे. टास्मानियात 70 रुग्णांवर 12 आठवडे प्लॅसिबोशी तुलना करणारी चाचणी झाली, 2020 साली ती ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आली. वेदनेच्या 100 मिलिमीटरच्या पट्टीवर हळदीचा अर्क घेणाऱ्यांची वेदना प्लॅसिबोवाल्यांपेक्षा सुमारे 9 मिलिमीटर जास्त उतरली. फरक आहे, पण माणसाला ‘आज बरं वाटतंय’ असं वाटायला लागतं त्याच्या काठावरचा. एमआरआयमध्ये मात्र गुडघ्यातलं पाणी किंवा कूर्चा यांत काही बदल दिसला नाही, म्हणजे झीज भरून निघते वगैरे दावे विसरा. थायलंडमध्ये 367 रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज 1500 मिलिग्रॅम अर्क आणि 1200 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक यांची तुलना झाली. चार आठवड्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच होते, आणि पोटदुखीच्या तक्रारी आयब्युप्रोफेनवाल्यांत जास्त होत्या. तुमच्या आईच्या दृष्टीने हीच सगळ्यात कामाची माहिती. फक्त या चाचणीत प्लॅसिबोचा गट नव्हता आणि चार आठवडे हा काळ लहान आहे, हे लक्षात असू द्या.

आता त्या टोकाच्या वाक्याकडे. जपानमध्ये 2006 साली आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारातल्या 89 रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लॅसिबो दिलं. सहा महिन्यांत आजार पुन्हा उफाळण्याचं प्रमाण कर्क्युमिन गटात 5 टक्क्यांहून कमी आणि प्लॅसिबो गटात सुमारे 20 टक्के निघालं. चाचणी दुहेरी-अंध होती. ती लहान आहे, पण ‘एकही नाही’ म्हणणं बरोबर नाही. मला या निकालातला तर्कही पटतो. कर्क्युमिन रक्तात उतरत नाही ही त्याची मोठी अडचण, पण मोठ्या आतड्याच्या आजारात ते न शोषता तिथपर्यंत पोहोचणं हाच फायदा ठरू शकतो. अपचनावरही थायलंडमधल्याच 206 जणांच्या चाचणीत 2 ग्रॅम कर्क्युमिन 20 मिलिग्रॅम ओमेप्रॅझोल या आम्लपित्तावरच्या नेहमीच्या औषधाच्या बरोबरीचं ठरलं. इथेही प्लॅसिबो नव्हता, आणि अपचन हा आपोआप कमी-जास्त होणारा त्रास आहे.

स्मरणशक्तीबद्दल थोडक्यात. अल्झायमरच्या रुग्णांवरच्या दोन छोट्या चाचण्या, हाँगकाँगमधली सहा महिन्यांची 34 जणांची आणि कॅलिफोर्नियातली 24 आठवड्यांची 36 जणांची, दोन्हींत उपयोग दिसला नाही. 2018 साली कॅलिफोर्नियातल्याच 40 जणांच्या चाचणीत दीड वर्षात स्मरणशक्ती सुधारल्याचं दिसलं. ती माणसं स्मृतिभ्रंशाची रुग्ण नव्हती आणि त्यांना दिलेलं कर्क्युमिन खास शोषण वाढवलेलं होतं. सगळ्या जाहिराती ही एकच चाचणी सांगतात. 40 जणांवर एवढा डोलारा उभा करू नये. आईला खरंच विसरायला होत असेल तर थायरॉइड, बी-12, झोप आणि चालू औषधं आधी तपासून घ्या. यातली बरीच कारणं बरी होण्यासारखी असतात.

मोठ्या चाचण्यांचे निकाल जाहिरातीत दिसत नाहीत. कॅनडातल्या 10 रुग्णालयांत पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेच्या 606 रुग्णांना चार दिवसांत 2000 मिलिग्रॅमचे आठ डोस दिले. दाह कमी झाला नाही. उलट मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचं प्रमाण प्लॅसिबोवरच्या 10 टक्क्यांवरून 17 टक्क्यांवर गेलं. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातल्या 519 रुग्णांना सहा महिने शोषण वाढवलेलं कर्क्युमिन दिलं, त्याचाही फायदा दिसला नाही.

राहिला मुद्दा यकृताचा. 1998 साली बंगळूरमधल्या संशोधकांनी मोजक्या निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिलं तेव्हा रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. सोबत 20 मिलिग्रॅम पिपेरीन दिल्यावर शोषण 2000 टक्क्यांनी वाढलं. आजच्या ‘मिऱ्यासह’ कॅप्सूलचं मूळ इथे आहे. पण पिपेरीन हे साधतं ते यकृत-आतड्यातली परकी रसायनं निकामी करणारी यंत्रणा अडवून, आणि तीच यंत्रणा तुमची इतर औषधंही हाताळते. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या जाळ्याने हळदीच्या पूरकांमुळे झालेले 10 रुग्ण नोंदवले. त्यातले पाच रुग्णालयात दाखल झाले, एक दगावला, आणि दहापैकी सात जणांत एचएलए-बी*35:01 हे विशिष्ट जनुक सापडलं. इटली आणि ऑस्ट्रेलियातूनही अशा नोंदी आल्यावर तिथल्या यंत्रणांनी इशारे दिले. हे दुर्मीळ आहे, घाबरून जाण्यासारखं नाही. पण ‘शतकानुशतकं खातो, काय होणार’ हा युक्तिवाद न शोषल्या जाणाऱ्या हळदीबद्दलचा आहे. शोषण वाढवलं की तो लागू पडत नाही.

आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पित्ताशयात खडे असतील, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा जुना आजार असेल, किंवा शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर हा विषय इथेच सोडा. नसेल तर साधा अर्क घ्या, रोज 1000 ते 1500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. दर आठवड्याला वेदनेला शून्य ते दहा असा आकडा द्यायला सांगा आणि तो लिहून ठेवा. 12 आठवड्यांत आकडा हलला नाही तर बंद. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम मात्र आधीपासून सुरू असू द्या, गुडघ्यासाठी त्यांचा पुरावा या सगळ्यापेक्षा भक्कम आहे.

दरम्यान लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा जेवणावरची वासना गेली, तर त्याच दिवशी गोळी थांबवून यकृताची तपासणी करून घ्या. डॉक्टरांकडे जाताना डबी सोबत न्या. नुसतं ‘हळदीची गोळी घेते’ म्हटलं, तर आत पिपेरीन आहे का आणि कर्क्युमिन किती, हे त्यांना कळणार नाही.