भार टाक

बाळा,

रात्री दीड वाजता तुझा मेसेज आला, "सर, मी पहिल्यासारखा राहिलो नाही." नाहीच राहिलास. नडगीत रॉड बसलेला कबड्डीचा चढाईपटू पहिल्यासारखा राहील कसा? पण पुढे तू विचारतोस, मोडलेलं हाड आधीपेक्षा भक्कम होतं म्हणतात, तसं माझंही होईल ना? हे वाचून मला राग आला. आपोआप काही होणार नाहीये.

मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग मऊ कूर्चा धरते, काही आठवड्यांनी तिथे नवं हाड भरू लागतं. ते जाड आणि ओबडधोबड असतं. पुढे कित्येक महिने, कधी वर्षंही, शरीर ते कोरत राहतं. कुठलं ठेवायचं आणि कुठलं काढायचं, हे तू टाकलेल्या भारावरून ठरतं. युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्येच हे मांडलं होतं. भार नसेल तर धडधाकट हाडही विरतं. अंतराळवीरांच्या कंबर-पायाच्या हाडांची घनता महिन्याला १ ते दीड टक्क्याने घटते. म्हणून म्हणतो, भार टाक.

तुझ्या घणसोलीतल्या जुन्या माणसांना विचार. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी जमिनी सगळ्यांच्याच गेल्या. पण शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांबरोबर जी माणसं रस्त्यावर उतरली, ती वेगळीच होऊन परतली. जानेवारी १९८४ मध्ये ५ जण हुतात्मा झाले, आणि पुढे साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. जमीन गेल्याने कुणी लढाऊ झालं नाही रे. उभे राहिले, ते झाले.

माझा गुडघा गेला तेव्हा घरच्यांनी मायेपोटी मला पलंगावरून उठूच दिलं नाही. ती मांडी पुन्हा भरली नाही, याची हळहळ आजही आहे. नंतर ठाण्यात मासुंदा तलावाभोवती काठी घेऊन हट्टाने चालायला लागलो. नोकरी सोडून पोरं शिकवायला घेतली तेव्हा भावाने बोलणं टाकलं. त्याच्या मते मी दुःख कुरवाळत बसलो. मी तर जिथे दुखत होतं तिथेच उभा राहिलो! खुर्चीत बसून पगार मिळाला असता, पण कबड्डीचा आवाज आला की खिडकी लावून घ्यावी लागली असती. मी केलं ते बरोबरच केलं. भावाला नाही पटलं तर नाही.

तुला डॉक्टरांनी अर्धा भार टाकायला सांगितलाय ना? मग वजनकाट्यावर पाय ठेवून तेवढा टाकच. जास्त नको, पण कमी तर अजिबात नको. दुखतंय हे मला माहीत आहे. तरी टाक.

आणि रात्रीचे मेसेज बंद कर. शनिवारी कुबड्या घेऊन मैदानावर ये. बारकी पोरं बोनस रेषेपलीकडे पाय टाकताना मागचा पाय उचलतच नाहीत, आणि त्यांच्यामागे ओरडून ओरडून माझा घसा बसलाय. ते काम तुझं. पाच वाजता सुरू करतो.

तुझा,
सर