लाइट आली की बोर्ड उठला पाहिजे

भाऊ,

सावद्याच्या केळी ऑफिसातल्या भावफलकाचे फोटो बघितले. टीव्हीवर भाव दाखवणारा तो रास्पबेरी पाय 5, म्हणजे छोटा कॉम्प्युटर बोर्ड, टीव्हीच्या मागे बसवायला केलेली पट्टी झकास झाली आहे. पण लाइट जाऊन आल्यावर बोर्ड कधी कधी उठत नाही, शिडी लावून त्याचं बटण दाबायचा कंटाळा आला म्हणून बटणाची वायर खाली हाताशी आणायची, हे काही पटलं नाही. भिंतीला ड्रिल लावू नकोस अजून. बटण खाली आलं तरी ते दाबायला माणूस लागणारच. सकाळी ऑफिस उघडणाऱ्याच्या मागे केळीच्या गाड्या, मजूर, फोन एवढं सगळं असतं. त्याला हे काम सांगूच नको.

रास्पबेरी पाय 4 च्या बोर्डावर बटणच नव्हतं. वीज मिळाली की तो सुरू. 2023 मध्ये आलेल्या पाय 5 वर बटण आलं, तरी मूळ सेटिंगमध्ये तोही वीज मिळताच उठतो. मग तुझा कधी आपोआप उठतो आणि कधी नाही, असं का? फोटोत टीव्हीखाली तो छोटा यूपीएस दिसतोय ना, गोम तिथे आहे.

लाइट जाते, यूपीएस बोर्डाला सांभाळतो. बॅटरी उतरायला लागली की तुझी स्क्रिप्ट, म्हणजे तो छोटा प्रोग्राम, बोर्ड नीट शटडाउन करते. इथवर ठीक. पण यूपीएसमधून पाच व्होल्ट अजून येतच असतात. तेवढ्यात लाइट आली तर बोर्डाच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. त्याला उठायला पुरवठा एकदा पूर्ण तुटून परत यावा लागतो, आणि तो तुटलेलाच नाही. याउलट लाइट रात्रभर गेली, तर बंद बोर्डही थोडी थोडी वीज खातो, बॅटरी पार संपते आणि सकाळी लाइटबरोबर बोर्ड आपसूक उठतो. म्हणून तुला तो लहरी वाटतोय.

खात्री करून घे. पुढच्या वेळी बटण दाबण्याआधी बोर्डावरचा बारका दिवा बघ. चालू असताना तो हिरवा असतो. शटडाउन झालाय पण वीज मिळतेय, तेव्हा लाल. लाल दिसला तर केबल काढ, जरा थांब, परत लाव. बटणाला हात न लावता उठेल.

आता मला सांग, टीव्ही तर यूपीएसवर नाही. मग लाइट गेल्यावर तो बोर्ड भाव दाखवतो कुणाला? काढून टाक यूपीएस. अचानक लाइट गेली तर बोर्डातलं मेमरी कार्ड खराब होईल ही तुझी भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय वेगळा. रास्पी-कॉन्फिग या बोर्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये ओव्हरले फाइल सिस्टम चालू कर. मग बोर्ड कार्डावर काही लिहीतच नाही, सगळं तात्पुरत्या मेमरीत, रॅममध्ये राहतं. लाइट कधीही जावो. फक्त काही बदल करायचा झाला की आधी ओव्हरले बंद करायचं, नाहीतर रीस्टार्टनंतर तो बदल गायब. यूपीएस ठेवायचाच हट्ट असेल, तर शटडाउननंतर स्वतःचं आउटपुट तोडणारा आणि लाइट आल्यावर ते परत देणारा बघून घे.

आपल्याकडे लाइट एका दमात येत नाही हेही धरून चाल. येते, जाते, परत येते. त्या धक्क्यात व्होल्टेज धड शून्यावर जात नाही आणि पाचावरही टिकत नाही, मग बोर्ड अर्धवट अडकतो. विहिरीवरच्या मोटारीचा ऑटो स्टार्टर लाइट आली की लगेच मोटार उचलत नाही, जरा दम धरतो. तसंच इथे कर. इलेक्ट्रिकच्या दुकानात ऑन-डिले टायमर, म्हणजे लाइट आल्यावर थांबून मग वीज पुढे सोडणारा, मिळतो. तो अ‍ॅडॉप्टरच्या आधी टाक आणि मिनिटभरावर ठेव. 230 व्होल्टचं काम आहे, वायरमनकडूनच करून घे. तेवढ्या वेळात राउटरही उठून बसतो, हा वरचा फायदा.

फोटोतली ती लांब, बारीक यूएसबी केबल मात्र मला आवडली नाही. केबलचा जाऊन-येऊन रोध 0.2 ओहम धरला आणि बोर्डाने 3 अँपिअर ओढले, तर 0.6 व्होल्ट वाटेतच संपतात. पाचातले हातात उरतात 4.4. साधारण 4.63 च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची नोंद करतो. टीव्हीच्या मागेच सॉकेट घे, पाय 5 चा 5 व्होल्ट 5 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लाव आणि केबल हातभरच ठेव.

भाव दाखवणारा प्रोग्राम सिस्टमडीची (बोर्डावरचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणारी यंत्रणा) सर्व्हिस करून टाक आणि रीस्टार्ट ऑलवेज ठेव, म्हणजे प्रोग्राम पडला की तो परत सुरू होईल. एवढ्यावर थांबू नकोस. नेट नसताना प्रोग्राम लागोपाठ पडत राहिला, तर दहा सेकंदांत पाच प्रयत्न झाल्यावर सिस्टमडी नाद सोडून देतो. दोन प्रयत्नांमध्ये दहा सेकंदांची सुट्टी दे, म्हणजे तो चिकटून राहील. आणि टीव्हीचा मेनू उघडून बघ. लाइट आल्यावर बरेच टीव्ही स्टँडबायवर बसून राहतात. बोर्ड उठला तरी पडदा काळाच. मेनूत तशी सोय नसेल, तर एचडीएमआय-सीईसीवरून, म्हणजे चित्राच्या केबलमधूनच हुकूम पाठवून, बोर्डच टीव्हीला जागं करू शकतो.

हे सगळं झालं की ऑफिसच्या एमसीबीवर (मेन स्विचवर) तपास: एकदा बराच वेळ बंद ठेवून, एकदा पटकन खाली-वर करून. मग बोर्डावर व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड (vcgencmd get_throttled) ही कमांड चालव, कमी व्होल्टेजची नोंद तीत दिसते. शून्य आलं तर केबल पास. दुसरं काही आलं तर तो आकडा मला पाठव.

तुझा,
काका